अन्न गोड लागेनासे होते तेव्हा : शोग्रेन आजारातील चव, गंध आणि मन

मन उदास असले की अन्न गोड लागत नाही, हा सर्वांच्याच अनुभवातला भाग आहे. शोग्रेन या आजाराच्या रुग्णांत मात्र हा क्रम पुष्कळदा उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी तोंडातील लाळ आटते, मग पदार्थांची चव आणि वास फिकट होत जातात, जेवणावरची वासना उडते आणि त्यापाठोपाठ मनही खचू लागते. घरच्यांना दिसते ते एवढेच की, आमटीत हल्ली मीठ जास्त पडते, लग्नाच्या पंगतीला जाणे टाळले जाते, ताटातले अर्धे अन्न तसेच राहते. रुग्णालाही ही तक्रार डॉक्टरांपुढे मांडण्याइतकी मोठी वाटत नाही. सांध्यांचे दुखणे, डोळ्यांची जळजळ, न संपणारा थकवा हे सांगून झाल्यावर 'तोंडाला चव नाही' हे वाक्य बहुधा दाराबाहेर पडताना उच्चारले जाते. या लहानशा वाक्यामागे शरीराची आणि मनाची बरीच मोठी कहाणी असू शकते.

आजाराचे स्वरूप

शोग्रेन हा स्वयंप्रतिकार प्रकारातील, म्हणजेच ऑटोइम्यून, आजार आहे. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिकारयंत्रणा अशा आजारांत स्वतःच्याच पेशींना परके समजते. संधिवातसदृश आमवातात हा हल्ला मुख्यतः सांध्यांच्या अस्तरावर होतो. शोग्रेनमध्ये तो प्रामुख्याने लाळग्रंथी व अश्रुग्रंथी यांच्यावर होतो. लसिकापेशी या पांढऱ्या पेशी ग्रंथींत शिरून ठिकठिकाणी पुंजके करतात, ग्रंथींचे काम मंदावते, आणि डोळे व तोंड कोरडे पडतात. नाक, घसा, त्वचा व योनिमार्ग येथील ओलावाही कमी होऊ शकतो.

हा आजार कोरडेपणापुरता मर्यादित नाही. सांधे, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. तो स्वतंत्रपणे झाला तर त्यास प्राथमिक, आणि आमवात वा ल्युपस यांच्या जोडीने झाला तर दुय्यम म्हणण्याची पद्धत रूढ आहे. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. दर 10 रुग्णांमागे सुमारे 9 स्त्रिया असतात. निदान बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान होते. नेमक्या याच वयात ऋतुनिवृत्तीही येत असल्यामुळे थकवा, कोरडेपणा आणि मनाची अस्थिरता या सर्वांचे खापर 'वयावर' फोडले जाते आणि निदान लांबते. आजार पुरुषांनाही होतो. पण तो स्त्रियांचा असा समज असल्याने त्यांच्यात तो ओळखण्यास आणखी उशीर होऊ शकतो.

नाव कोणाचे?

हेन्रिक शोग्रेन (1899–1986) हे स्वीडनमधील नेत्रवैद्य होते. कोरड्या डोळ्यांची तक्रार घेऊन आलेल्या काही स्त्रियांचे तोंडही कोरडे आहे आणि सांधेही दुखतात, हे त्यांच्या लक्षात आले. 1933 साली त्यांनी अशा 19 स्त्रियांच्या अभ्यासावर प्रबंध सादर केला; त्यांपैकी 13 जणींना सांध्यांचा विकार होता. डोळा, तोंड आणि सांधे यांची दुखणी वेगवेगळी नसून एकाच व्याधीची अंगे आहेत, हे त्यांचे मोलाचे निरीक्षण. प्रबंधाला त्या वेळी वरची श्रेणी मिळाली नाही आणि विद्यापीठातील अध्यापनाचा मार्ग त्यांच्यासाठी बंद झाला. 1943 मध्ये ऑस्ट्रेलियातील एका नेत्रवैद्याने तो इंग्रजीत आणल्यानंतर त्याची व्यापक दखल घेतली गेली. शोग्रेन यांचा जन्मदिवस, 23 जुलै, आता जागतिक शोग्रेन दिन म्हणून पाळला जातो.

2011 मध्ये टेनिसपटू व्हीनस विल्यम्स हिने अमेरिकन खुल्या स्पर्धेतून माघार घेताना आपल्याला हा आजार असल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी त्याचे नाव प्रथमच ऐकले.

लाळेवाचून चव नाही

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिचे पहिले काम अन्न ओले करण्याचे. परंतु चवीच्या दृष्टीने तिचे महत्त्व याहून अधिक आहे. जिभेवरील रुचिकलिकांच्या तोंडाशी सूक्ष्म छिद्रे असतात. मीठ, साखर, आम्ल यांचे कण लाळेत विरघळले तरच ते या छिद्रांतून आत पोहोचतात. कोरड्या जिभेवर साखरेचा दाणा ठेवला तर तो विरघळेपर्यंत गोडी जाणवत नाही, हे कोणालाही करून पाहता येईल. शिवाय लाळेतील प्रथिने आणि क्षार रुचिकलिकांच्या पेशींचे पोषण व रक्षण करतात. या पेशींचे आयुष्य थोडे, साधारण दहा-पंधरा दिवसांचे असते आणि त्या सतत नव्याने तयार होतात. लाळ आटली की संदेश पोहोचवणारे माध्यम कमी पडते, आणि दीर्घकाळात संदेश टिपणाऱ्या पेशींचीही आबाळ होते.

कोरड्या तोंडात दुसरेही उपद्रव निर्माण होतात. लाळेतील जंतुरोधक घटक कमी झाल्याने कँडिडा ही बुरशी वाढते. जीभ लाल, गुळगुळीत होते किंवा तिच्यावर भेगा पडतात. तोंडाच्या कोपऱ्यांत चिरा जातात. काहींना सतत धातूसारखी वा कडवट चव जाणवते, तर काहींची जीभ विनाकारण जळजळते. दातांना, विशेषतः हिरड्यांलगत, झपाट्याने कीड लागते. किडके दात आणि बुरशी यांमुळे तोंडाची चव आणखी बिघडते.

आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहा रस सांगितले. आधुनिक शरीरशास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच मूलभूत चवी मानते. तिखटपणा या हिशेबात चव नसून दाहाची संवेदना आहे. ती चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या वेगळ्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे जाते. शोग्रेनच्या रुग्णांच्या बाबतीत हा भेद प्रत्यक्ष ताटात उमटतो. चवी मंदावतात, पण लाळेचे आवरण नसलेल्या नाजूक त्वचेला मिरची मात्र पूर्वीपेक्षा अधिक झोंबते. ज्या घरात जेवणाची रंगत तिखटावर अवलंबून असते तेथे रुग्णाची दोन्हीकडून कोंडी होते. सौम्य केलेले बेचव लागते आणि चविष्ट केलेले सोसवत नाही.

वासाचे दोन मार्ग

ज्याला आपण पदार्थाची चव म्हणतो त्यातील मोठा वाटा वासाचा असतो. नाक चिमटीत धरून वेलदोड्याचे दाणे चावले तर किंचित तिखट-कडवटपणाच जाणवतो. नाक सोडताच वेलदोडा 'ओळखू' येतो. अन्न चावताना सुटणारे गंधकण घशाच्या मागून नाकात चढतात, हा वासाचा दुसरा, आतला मार्ग. बाहेरून हुंगणे हा पहिला. जिभेला पाच चवी कळतात. हुमण आणि सांबाराऐवजी नुसते 'आंबट-खारट' न वाटता त्यांत तिरफळ, कोकम, हिंग, कढीपत्ता वेगवेगळे जाणवतात ते या आतल्या मार्गामुळे.

नाकाच्या छताशी काही चौरस सेंटिमीटरची घ्राणत्वचा असते. तिच्यावर श्लेष्माचा पातळ थर असतो आणि गंधकण त्यात विरघळूनच ग्राहकांपर्यंत पोहोचतात. मानवात अशा ग्राहकांचे सुमारे 400 प्रकार कार्यरत आहेत. या ग्राहकांचे जनुक-कुल 1991 मध्ये शोधून काढणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शोग्रेनमध्ये नाकाची त्वचाही कोरडी पडते, खपल्या धरतात, त्यामुळे गंधकणांची वाट अडते. त्याच वेळी अन्न नीट ओले होत नसल्याने चावताना गंध सुटण्याची क्रियाही मंदावते. जिभेचा आणि नाकाचा, असे दोन्ही स्वयंपाकी एकाच वेळी रजेवर गेल्यासारखी स्थिती होते.

चाचण्या काय सांगतात?

वास आणि चव मोजता येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. गंधासाठी पेनसारख्या गंधकांड्या वापरतात. किती सौम्य वास कळतो, दोन वासांतला फरक ओळखता येतो का, आणि वासाचे नाव सांगता येते का, अशा तीन भागांत 48 गुणांची परीक्षा घेतली जाते. 40 वासांची खरडून हुंगण्याची पुस्तिका हा दुसरा प्रकार. चवीसाठी वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे किंवा औषध लावलेल्या कागदी पट्ट्या जिभेवर ठेवतात.

नॉर्वे, सर्बिया, तुर्कस्तान अशा देशांतील संशोधकांनी या पद्धतींनी शोग्रेनच्या रुग्णांची तुलना निरोगी व्यक्तींशी केली आहे. रुग्णगटात चव आणि गंध यांची क्षमता सरासरीने कमी आढळते, आणि तोंडाच्या तक्रारींमुळे जीवनमान घसरते, असा या अभ्यासांचा सर्वसाधारण कल आहे. मात्र हे गट लहान आहेत आणि प्रत्येक रुग्णात घट सारखी नसते. रुग्णाची तक्रार आणि मोजमाप यांचा मेळही नेहमी बसत नाही. हळूहळू झालेला ऱ्हास कित्येकांच्या ध्यानात येत नाही. उलट मोजमाप ठीक असूनही जेवण पूर्वीसारखे लागत नाही, असे सांगणारेही असतात. म्हणूनच एका आकड्यावरून 'तुम्हाला काही झालेले नाही' असे म्हणणे रुग्णावर अन्याय करणारे ठरते.

गंधाची वाट मनाकडे

दृष्टी, श्रवण, स्पर्श यांचे संदेश मेंदूच्या बाह्यकाकडे जाण्याआधी थॅलॅमस या मधल्या ठाण्यावर थांबतात. गंधाचे संदेश मात्र हा थांबा न घेता घ्राणकंदातून थेट भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे जातात. पहिल्या पावसात भिजलेल्या मातीच्या वासाने, सुरंगीच्या वळेसराने किंवा जुन्या पेटीतल्या लुगड्याच्या वासाने एका क्षणात बालपण समोर उभे राहते त्याचे एक कारण ही जवळची वाट असावी. ती बंद झाली तर केवळ एक संवेदना कमी होत नाही. रोजच्या जगण्याला लगडलेल्या आठवणींची आणि जिव्हाळ्याची ये-जाही मंदावते.

नैराश्य आणि गंधज्ञान यांचा संबंध दुहेरी आहे. गंधज्ञान गमावलेल्यांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, आणि नैराश्याच्या रुग्णांत गंधज्ञान काहीसे मंद झालेले दिसते. प्रयोगशाळेत उंदरांचा घ्राणकंद काढल्यावर त्यांच्या वागण्यात होणारे बदल नैराश्याच्या अभ्यासासाठी प्रतिकृती म्हणून दीर्घकाळ वापरले गेले आहेत.

स्वयंप्रतिकार आजारांत यात तिसरा धागा मिसळतो, तो दाहाचा. शरीरात दाह असताना सायटोकाइन नावाची रासायनिक संदेशद्रव्ये वाढतात आणि मेंदूवरही परिणाम करतात. साध्या तापातही अंग गळते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, अन्न नकोसे होते, हा त्याचाच सौम्य नमुना. इंटरफेरॉन हे असेच एक द्रव्य असून शोग्रेनच्या पुष्कळ रुग्णांत त्याची सक्रियता वाढलेली असते. काविळीच्या 'सी' विषाणूवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत, तेव्हा कित्येक रुग्णांना उपचारादरम्यान नैराश्य येई, ही गोष्ट वैद्यकात सुपरिचित आहे. तेव्हा शोग्रेनच्या रुग्णाचा थकवा आणि खिन्नता यांना मनाचा दुबळेपणा म्हणणे शास्त्राला धरून नाही.

ल्युपसमधून मिळालेला सुगावा

ल्युपस हा शोग्रेनचा निकटचा आप्त. इस्रायलमधील संशोधकांनी ल्युपसच्या काही रुग्णांत आढळणारी, रायबोसोमच्या 'पी' प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे उंदरांच्या मेंदूत टोचली. 2007 व 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत उंदरांमध्ये नैराश्यासारखे वर्तन दिसले आणि त्यांची हुंगण्याची क्षमताही घटली. पुढे ल्युपसच्या रुग्णांच्या चाचण्यांतही गंधज्ञानात घट आढळली. उंदरांवरील निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु वासाची आणि मनाची तक्रार एकाच मुळातून उगवू शकते, ही शक्यता या कामामुळे ठळक झाली.

स्वयंपाकघरात घडणारे

आपल्याकडे चव ही एकट्याची बाब नसते. नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता, केवळ वासावर आणि अंदाजावर करणाऱ्या गृहिणीचा हात ज्या ज्ञानावर चालतो, तेच या आजारात डळमळते. चतुर्थीच्या मोदकांतले सारण, दिवाळीच्या चिवड्यातले मीठ चुकू लागले की घरात चेष्टा होते, कधी बोल लावला जातो. जिची ओळखच तिच्या हाताच्या चवीवरून झालेली असते, तिच्यासाठी ही घट निव्वळ वैद्यकीय राहत नाही. ती हळूहळू स्वयंपाकातून, मग पाहुण्यांतून अंग काढून घेते. कोरडा घास पाण्यावाचून उतरत नाही, तोंडाला दुर्गंधी येईल अशी भीती वाटते, बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते; त्यामुळे चारचौघांत बसणे नकोसे होते. हे तुटलेपण नैराश्याला खतपाणी घालते.

सुरक्षिततेचा प्रश्नही आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. गंधज्ञान मंदावलेल्यांना ही सूचना मिळत नाही. आंबलेली भाजी, नासलेले दूध, करपणारे भांडे हेही उशिरा कळते. अशा घरात गळतीचा इशारा देणारे यंत्र बसवावे, उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहावी, आणि मासळी घेताना वासावर न विसंबता कल्ल्यांची लाली व डोळ्यांची चमक पाहावी.

निदान कसे होते?

तीन महिन्यांहून अधिक काळ डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, तोंड रोज कोरडे पडणे, भाकरी-चपाती गिळताना वारंवार पाणी लागणे, ही लक्षणे तपासणीची गरज सांगतात. डोळ्यांसाठी शिर्मर चाचणी करतात. पापणीत अडकवलेली कागदी पट्टी 5 मिनिटांत 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू अपुरे मानतात. लाळ स्वस्थ बसून भांड्यात गोळा करतात, मिनिटाला 0.1 मिलिलिटर वा त्याहून कमी प्रवाह हे ग्रंथी मंदावल्याचे लक्षण. रक्तात 'रो' या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे तपासतात. आवश्यक तेथे खालच्या ओठाच्या आतील सूक्ष्म लाळग्रंथींचा नमुना घेऊन लसिकापेशींचे पुंजके पाहतात. या साऱ्यांना गुण देऊन वर्गीकरण करण्याचे आंतरराष्ट्रीय निकष 2016 मध्ये ठरले.

तोंड कोरडे पडण्याची इतरही कारणे आहेत. मधुमेह, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, काही नैराश्यविरोधी औषधे, मानेवरील किरणोपचार यांची आधी शहानिशा करावी लागते. चव-वास जाण्यामागे सायनसचा विकार, नाकातील गाठी, विषाणुसंसर्ग किंवा काही औषधेही असू शकतात. म्हणून संधिवाततज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, दंतवैद्य आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्या समन्वयाने तपासणी होणे हितावह. गोव्यातील रुग्णांच्या दृष्टीने पाहता वैद्यकीय महाविद्यालय, दंत महाविद्यालय आणि मनोविकार व मानवी वर्तणूक संस्था या तिन्ही सरकारी संस्था बांबोळीच्याच परिसरात आहेत.

उपचार आणि मर्यादा

आजार मुळापासून बरा करणारे औषध आजमितीस नाही. पण त्रास बराच आटोक्यात ठेवता येतो. ग्रंथींत काही क्षमता शिल्लक असेल तर पायलोकार्पिन किंवा सेव्हिमेलिन ही औषधे लाळेचा प्रवाह वाढवतात. घाम सुटणे हा त्यांचा नेहमीचा उपसर्ग. अनियंत्रित दमा आणि काचबिंदूचे काही प्रकार असलेल्यांना ती चालत नाहीत. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिले जाते. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांनी दृष्टिपटलाची नियमित तपासणी करून घ्यावी. फुप्फुसे, मूत्रपिंडे वा मज्जातंतू बाधित झाले तर स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागतात.

चवीच्या बाबतीत सर्वांत जलद गुण अनेकदा साध्या उपायांनी येतो. बुरशी असल्यास तिच्यावर उपचार केले की जळजळ आणि कडवटपणा कमी होतो. दंतवैद्याकडे दर सहा महिन्यांनी, गरजेनुसार त्याहून लवकर, जावे आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी. मद्यार्कयुक्त माउथवॉश, तंबाखू आणि सुपारी वर्ज्य करावी. नाकासाठी मिठाच्या पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. जस्ताच्या गोळ्या चव परत आणतात असा समज आहे. शरीरात जस्त खरोखर कमी असेल तरच त्यांचा उपयोग संभवतो.

गंधप्रशिक्षण ही अलीकडे रूढ झालेली पद्धत. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, एकाग्रतेने हुंगायचे आणि हा क्रम किमान 12 आठवडे चालू ठेवायचा. विषाणुसंसर्गानंतर गेलेल्या गंधज्ञानात तिचा फायदा दिसला आहे. शोग्रेनमध्ये तेवढा भक्कम पुरावा नाही. पण ती निर्धोक आणि जवळजवळ बिनखर्ची असल्याने करून पाहण्यास हरकत नसावी.

ताटात काय असावे?

कोरड्या घासाला ओलाव्याची जोड देणे हे पहिले सूत्र. पेज, मऊ भात, सौम्य कढी, आमटीत कुस्करलेली भाकरी, खिचडी, उकडलेल्या भाज्या गिळण्यास सोप्या. इंदूरचे पोहे-शेव असोत की बेळगावी चिरमुऱ्यांचा चिवडा, कोरडे पदार्थ दह्यात वा रश्शात कालवून घ्यावेत. तिखट कमी केल्यामुळे गेलेली रंगत जिरे, बडीशेप, कोथिंबीर, आले, भाजलेले खोबरे यांच्या सुवासाने काही अंशी भरून काढता येते. चव मंद झाली तरी पोत आणि तापमान जाणवतात; मऊ भातावर काकडीची गार कोशिंबीर जेवणात जिवंतपणा आणते. फार गरम पदार्थ टाळावेत.

चव लागत नाही म्हणून मीठ आणि साखर वाढवत नेण्याचा मोह होतो. त्याचे पर्यवसान रक्तदाब आणि मधुमेहात होऊ शकते. म्हणून मिठाचे माप चमच्याने ठरवावे, जिभेने नव्हे. लाळ सुटावी म्हणून चिंच, लिंबू, आवळा किंवा आंबट गोळ्या दिवसभर चघळण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. लाळेचे कवच नसलेल्या दातांचे आवरण आम्लाने झिजते. साखर असेल तर कीडही लागते. त्याऐवजी झायलिटॉल असलेला साखररहित च्युइंगम अधिक सुरक्षित. कुंदा किंवा चिकटणारी इतर मिठाई खाल्ल्यास लगेच चूळ भरावी. पाणी एकदम पेलाभर पिण्यापेक्षा घोट घोट घ्यावे.

मनाची काळजी

दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्नता टिकली, आवडत्या गोष्टींतला रस गेला, झोप बिघडली, तर त्याकडे आजाराचाच भाग म्हणून गांभीर्याने पाहावे. मानसिक तपासणीसाठी नऊ प्रश्नांची सोपी प्रश्नावली जगभर वापरली जाते. थकवा आणि भूक मंदावणे शोग्रेनमुळेही होत असल्याने तिच्या गुणांचा अर्थ जाणकाराने लावणे इष्ट. समुपदेशन आणि विचारपद्धतीवर काम करणारी वर्तनचिकित्सा उपयुक्त ठरतात. थकव्यावर नियमित, झेपेल एवढा व्यायाम हा उपाय वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनी आवर्जून सुचवला आहे.

औषधांच्या बाबतीत एक सावधगिरी महत्त्वाची आहे. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी जुनी नैराश्यविरोधी औषधे तोंड आणखी कोरडे करतात. मनोविकारतज्ज्ञाला शोग्रेनची कल्पना असेल तर तो कमी कोरडेपणा आणणारे औषध निवडू शकतो. चालू औषध मात्र स्वतःहून थांबवू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात आला तर क्षणाचाही विलंब न लावता तेथे किंवा जवळच्या रुग्णालयात संपर्क साधावा.

विलंब नको अशी लक्षणे

कानाखालील लाळग्रंथीची सूज सतत राहणे, मानेत गाठी येणे, विनाकारण ताप, वजनात घट, पायांवर जांभळे पुरळ ही लक्षणे दिसल्यास त्वरित तपासणी करावी. शोग्रेनच्या रुग्णांत लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो; बहुसंख्य रुग्णांना तो होत नाही, पण लवकर कळणे महत्त्वाचे. कोरडा खोकला व दम लागणे हे फुप्फुसांकडे बोट दाखवते. 'रो' प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. थोड्या प्रमाणात का होईना, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत दोष निर्माण होण्याची शक्यता असते आणि वेळीच नजर ठेवता येते.

घरच्यांचा वाटा

मराठीत 'रुची' हा शब्द जिभेसाठीही वापरतात आणि जगण्यातील गोडीसाठीही. 'रस' या शब्दाचेही तसेच. भाषेने जोडलेल्या या दोन गोष्टी शोग्रेनच्या रुग्णात एकाच वेळी क्षीण होऊ शकतात. त्यांपैकी लाळ किती परत येईल, वास किती उमगेल, हे ग्रंथींच्या अवस्थेवर ठरते. पण डॉक्टरांकडे जाताना 'चव लागत नाही, वास येत नाही, मन लागत नाही' ही तीन वाक्ये कागदावर पहिल्या ओळीत लिहून नेणे रुग्णाच्या हातात आहे. आणि मीठ चाखण्याचे काम निमूटपणे दुसऱ्याने उचलणे, कोणाचे ताट सावकाश संपत असेल तर शेवटपर्यंत सोबत बसणे, एवढे तरी घरच्यांच्या हातात निश्चित आहे.